हॅमिल्टनच्या नावावर ड्रोन खपवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेचे संविधान लोकांच्या गळी उतरवणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या फेडरलिस्ट मंडळींच्या विचारांत दहशतवाद्यांवर परदेशात होणारे ड्रोन हल्ले बसतात का? आणि आज स्वतःला त्यांचे वारस म्हणवणारे वकील-न्यायाधीश या बाबतीत दोन टोकांना का उभे असतात? विचारणाऱ्याने आपले मतही जोडले आहे : हॅमिल्टनला खंबीर राष्ट्राध्यक्ष हवा होता, म्हणजे तो ड्रोनच्या बाजूनेच बोलला असता.

मी वकिली करतो आणि तौलनिक संविधान कायदा शिकवतो. हे मत वर्गात दरवर्षी कुणीतरी मांडतेच. ते अर्धे बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यावरच अमेरिकी सरकारांनी २००१ पासून गाडी हाकली आहे.

आधी ते अर्धे घेऊ. १७८७-८८ मध्ये नव्या संविधानाला न्यूयॉर्क राज्याची मान्यता मिळावी म्हणून या तिघांनी 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ लेख लिहिले, तेच 'फेडरलिस्ट' लेख. सरळ सांगायचे तर हा प्रचार होता, पण फार वरच्या दर्जाचा. ७०व्या लेखात हॅमिल्टन म्हणतो की चांगल्या कारभाराची ठळक खूण म्हणजे कार्यकारी सत्तेतली धमक. झटपट निर्णय, चपळाई, गुप्तता हे गुण सत्ता एका माणसाच्या हाती असली तरच साधतात. ७४व्या लेखात तो सांगतो की सगळ्या सरकारी कामांत युद्धाचे संचालन हे सर्वांत जास्त एकहाती काम आहे. नेवाडातल्या क्रीच तळावरचा वैमानिक हजारो मैलांवरच्या घराच्या छपरावर तासन् तास नजर ठेवतो आहे, लक्ष्य काही मिनिटांसाठीच उघड्यावर येणार आहे, अशा वेळी ५३५ खासदारांना विचारत बसायचे का? हॅमिल्टनचे उत्तर अर्थात 'नाही' असेच आले असते. इथवर प्रश्नकर्त्याशी माझे भांडण नाही.

याच्या जोडीला २३वा लेख फार वेळा पुढे केला जातो : देशावर येणारी संकटे किती आणि कसली असतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून संरक्षणाच्या अधिकारांना कुंपण घालू नये. वाक्य दणदणीत आहे, पण तो लेख उघडून बघा. तिथे विषय राष्ट्राध्यक्षाचा नाहीच. तेरा राज्यांच्या ढिल्या संघाऐवजी बळकट केंद्र का हवे, याचा तो युक्तिवाद आहे आणि त्या केंद्रात काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसदही येते. केंद्राला दिलेले अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या खिशात घालायचे, ही हातचलाखी अमेरिकी न्याय खात्याच्या टिपणांत तुम्हाला वारंवार दिसेल. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी, २५ सप्टेंबर २००१ रोजी, त्या खात्यातले वकील जॉन यू यांनी लिहिलेल्या टिपणात तर असे म्हटले होते की दहशतवादी संघटनेचा त्या हल्ल्याशी संबंध असो वा नसो, राष्ट्राध्यक्ष तिच्यावर आधीच चाल करून जाऊ शकतो.

आता दुसरे अर्धे. विरोधक ओरडत होते की हा राष्ट्राध्यक्ष म्हणजे निवडून दिलेला राजाच. त्यावर हॅमिल्टनने ६९वा लेख लिहिला आणि इंग्लंडचा राजा व राष्ट्राध्यक्ष यांची कलमवार तुलना मांडली. राजा युद्ध पुकारू शकतो, फौजा उभारू शकतो, त्यांचे नियम करू शकतो. राष्ट्राध्यक्ष यातले काहीच करू शकत नाही. तो फक्त पहिला सेनापती आणि पहिला नौसेनापती, बाकी सगळे काँग्रेसकडे. खंबीर राष्ट्राध्यक्षाची सर्वांत जोरदार वकिली करणाऱ्या माणसाने हे लिहून दिले आहे, आणि मते मिळवण्यासाठी लिहून दिले आहे. लोकांनी संविधान स्वीकारले ते या आश्वासनावर.

संविधान सभेतली नोंदही याला जुळते. १७ ऑगस्ट १७८७ रोजी मसुद्यात काँग्रेसला युद्ध 'करण्याचा' अधिकार होता. मॅडिसन आणि दुसरे एक सदस्य गेरी यांनी तिथे युद्ध 'पुकारण्याचा' असा बदल सुचवला. अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्ष मोकळा असावा, एवढाच हेतू. आणखी एक सदस्य शर्मन यांनी तिथेच सांगितले की राष्ट्राध्यक्षाला हल्ला परतवता आला पाहिजे, युद्ध सुरू करता येता कामा नये. गेरी तर म्हणाले की एकट्या राष्ट्राध्यक्षाला युद्ध पुकारू द्यावे असा प्रस्ताव एखाद्या प्रजासत्ताकात ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षाच नव्हती.

एक अवांतर सांगून टाकतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हा सगळा वाद परका वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. भारतीय संविधानात 'युद्ध आणि शांतता' हा संघसूचीतला १५वा विषय आहे, सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि निर्णय मंत्रिमंडळाचा. संसदेने आधी युद्ध पुकारावे अशी अट आपल्याकडे कुठेच नाही. त्यामुळे बालाकोटच्या वेळी संसदेला आधी का विचारले नाही, असा संवैधानिक प्रश्न इथे उभाच राहत नाही. अमेरिकेत तो राहतो, कारण तिथे हा अधिकार मुद्दाम दोघांत वाटलेला आहे.

हॅमिल्टनचे आणखी एक लिखाण मला या चर्चेत निर्णायक वाटते आणि त्याचा उल्लेख नवल वाटावे इतका कमी होतो. १७९८ च्या मे महिन्यात फ्रेंच जहाजे अमेरिकी व्यापाऱ्यांना लुटत होती, युद्ध पुकारलेले नव्हते, आणि युद्धमंत्री मॅकहेन्रीला प्रश्न पडला होता की नव्या लढाऊ जहाजांना नेमका काय हुकूम द्यायचा. त्याने हॅमिल्टनला विचारले. हॅमिल्टनला फ्रेंचांशी दोन हात करायची केवढी खुमखुमी होती हे जगजाहीर आहे. तरी त्याने कळवले की काँग्रेसच्या मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षाला बळाला बळाने उत्तर देता येईल, आपल्या समुद्रहद्दीत घुसलेल्यांना हुसकता येईल. त्यापलीकडचे काहीही प्रतिशोधात मोडते आणि त्याला युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेल्यांचीच संमती हवी. खासगी जहाजांना शत्रूची जहाजे पकडण्याचे परवाने देणे, प्रतिशोधाची परवानगी देणे, या दोन्ही गोष्टी संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात, आठव्या कलमात, काँग्रेसच्या नावावर लिहिलेल्या आहेत. म्हणजे पूर्ण युद्धाहून लहान, लांबवरचा, नेमक्या शत्रूवरचा वार कुणी ठरवायचा, हा प्रश्न त्या लोकांना सुचला नव्हता असे नाही. तो सुचला होता आणि त्याचे उत्तरही दिलेले आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये खासदार रॉन पॉल यांनी असे परवाने देणारे विधेयक प्रतिनिधिगृहात मांडले, तेव्हा लोक हसले. विधेयक चमत्कारिक होते हे खरे, पण संविधान त्यांनी इतरांपेक्षा नीट वाचले होते.

आता ज्या प्रसंगापाशी मला जास्त थांबायचे आहे तो. १ ऑगस्ट १८०१, माल्टाजवळचा समुद्र. अमेरिकेचे 'एंटरप्राइझ' हे छोटे लढाऊ गलबत पाणी भरायला माल्टाकडे निघाले होते. त्याचा कप्तान होता लेफ्टनंट अँड्र्यू स्टेरेट. उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोलीच्या पाशाने त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकी वकिलातीपुढची झेंड्याची काठी तोडून युद्ध पुकारले होते. वाटेत 'ट्रिपोली' याच नावाचे पाशाचे गलबत भेटले. तीन तास तोफा चालल्या. पाशाच्या सुमारे ८० माणसांपैकी ३० मेली आणि ३० जखमी झाली. अमेरिकेच्या बाजूला एकालाही खरचटले नाही. मग स्टेरेटने शत्रूच्या तोफा समुद्रात टाकायला लावल्या, डोलकाठ्या तोडल्या, एक फाटके शीड ठेवले आणि गलबत सोडून दिले. पकडून आणले नाही.

का? राष्ट्राध्यक्ष जेफरसनने डिसेंबरमध्ये काँग्रेसला सांगितले ते असे : बचावाची रेषा ओलांडायला आपल्याला तुमची मंजुरी नाही, म्हणून गलबत निकामी करून सोडले, आता पुढचे तुम्ही ठरवा. (हे कथन जरा साळसूद होते. नौदलाला प्रत्यक्षात दिलेले हुकूम याहून बरेच सैल होते. पण काँग्रेससमोर काय बोलावे लागते, हे त्यातून कळतेच.) जेफरसन हा हॅमिल्टनच्या फेडरलिस्ट पक्षाचा राजकीय शत्रू. हॅमिल्टनने लगेच टोपणनावाने त्याची सालटी काढली. म्हणाला, समोरच्याने उघड युद्ध सुरू केले की दोन्ही देश युद्धात असतातच, मग आपल्या काँग्रेसने ते पुन्हा पुकारायची गरज काय? शत्रूची जहाजे पकडा, माणसे कैद करा. ६ फेब्रुवारी १८०२ रोजी काँग्रेसने कायदा करून राष्ट्राध्यक्षाला मोकळीक दिली आणि वाद तिथे मिटला.

ड्रोनचे समर्थक हॅमिल्टनचे हे उत्तर झेलतात : अल् कायदाने आमच्यावर युद्ध लादले, मग विचारायचे कुणाला? ११ सप्टेंबरच्या बाबतीत हे मान्यच करायला हवे. ज्या संघटनेने हल्ला केला तिच्याविरुद्ध हॅमिल्टनच्या फूटपट्टीने राष्ट्राध्यक्षाला एक कागदही लागला नसता. पण हॅमिल्टनचा सगळा डोलारा एका खांबावर उभा आहे : आधी समोरच्याने युद्ध सुरू केलेले असले पाहिजे. ज्याने अजून तुमच्यावर हल्ला केलेला नाही, ज्याची संघटना त्या हल्ल्यानंतर जन्मली, ज्याचे भांडण सोमालियाच्या मोगादिशूतल्या सरकारशी आहे, त्याला हे उत्तर लागू पडत नाही.

आणि या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे जी आजच्या वादात हुकमी पत्त्यासारखी पडते. स्टेरेटच्या माणसांना ओरखडाही आला नव्हता. तरीही मंजुरीचा प्रश्न उठला. जेफरसनने तो उठवला, हॅमिल्टनने उलटवला, पण 'आपले कुणी मेले नाही, म्हणून ही लढाईच नव्हे' असे दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

ते सुचायला २०११ साल उजाडावे लागले. १९ मार्च २०११ ला लिबियावर हवाई हल्ले सुरू झाले. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावानुसार काँग्रेसची मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत सैन्य लढाईतून बाहेर काढावे लागते. हा ठराव राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून मंजूर झालेला. मे महिन्यात ६० दिवस भरले, मंजुरी आली नव्हती आणि लिबियावर प्रेडेटर ड्रोन फिरतच होते. जूनमध्ये परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार हॅरल्ड को यांनी सिनेटच्या समितीपुढे बाजू मांडली : अमेरिकी सैनिकांना धोका नगण्य आहे, जमिनीवर फौज नाही, सतत गोळीबाराची देवाणघेवाण नाही, म्हणून कायद्याच्या अर्थाने ही 'लढाई'च नाही. संरक्षण खात्याच्या आणि न्याय खात्याच्या वकिलांना हे पटले नव्हते, तरी ओबामांनी को यांचे मानले. आणि को काही कडवे उजवे नव्हते, येल विद्यापीठाच्या कायदा शाळेचे माजी अधिष्ठाता, उदारमतवादी गोटातले मोठे नाव. सप्टेंबर २०२५ पासून कॅरिबियन समुद्रात संशयित अमली पदार्थांच्या बोटींवर ट्रम्प सरकारने हल्ले सुरू केले. ६० दिवस भरत आले तेव्हा हाच मुद्दा जवळपास जसाच्या तसा बाहेर आला : आमच्या माणसांना धोका नाही, मग मुदत कसली?

फेडरलिस्ट दृष्टीने ड्रोनचे खरे दुखणे मला इथे दिसते. यंत्र किती क्रूर आहे हा निराळा वाद. पायदळापेक्षा, तोफखान्यापेक्षा ते नेमके मारते असे मानणारे लष्करी अधिकारी पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे फेकून देण्यासारखे नाही. प्रश्न आहे तो राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसच्या दारात उभे करणाऱ्या गरजांचा. फेडरलिस्टांचा भरवसा कागदावरच्या कलमांवर फार नव्हता, तो माणसाच्या स्वार्थावर आणि पैशावर होता. महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच अडवावे, हे ५१वा लेख सांगतो. २६व्या लेखात हॅमिल्टन दाखवतो की सैन्याला दोन वर्षांपेक्षा जास्त काळाचा पैसा एकदम देता येत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी काँग्रेसला भर सभेत हा विषय काढावाच लागेल, मत द्यावेच लागेल, आणि विरोधी पक्षाला बोंब मारायची संधी मिळेल. युद्ध करायचे तर माणसे लागतात, पैसे लागतात, शवपेट्या गावोगावी परत येतात, मतदार विचारतात. ही सगळी कटकट हीच खरी तटबंदी. ड्रोन ती कटकट संपवतो. माणसे लागत नाहीत, शवपेट्या येत नाहीत, पैसा संरक्षणाच्या अवाढव्य अंदाजपत्रकात कुठेतरी मुरून जातो, आणि हल्ला सीआयएने केला तर तो कुणी केला हेही अधिकृतपणे सांगायची सोय राहत नाही. विहिरीला कठडा नसला तरी चालते, जोवर दोर ओढायला दहा माणसे लागतात. पंप बसवला की पाणी कुणी किती उपसले हे कळेनासे होते.

आठव्या लेखात हॅमिल्टनने हे जवळजवळ भाकीत केल्यासारखे लिहिले आहे. युद्धाचा स्वभावच असा की ते विधिमंडळाच्या जिवावर कार्यकारी सत्ता वाढवते, आणि सततच्या धोक्याने त्रासलेले लोक जास्त सुरक्षित होण्यासाठी कमी स्वतंत्र व्हायला तयार होतात. ७०व्या लेखाचा दाखला देणाऱ्यांनी आठवा वाचलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

बरे, काँग्रेसने मंजुरी दिली होती की, असे कुणी म्हणेल. दिली होती. १८ सप्टेंबर २००१ रोजी सही झालेला ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० असा मंजूर झाला. विरोधातले एकमेव मत बार्बरा ली यांचे. त्यातले मुख्य वाक्य इंग्रजीत साठ शब्दांचे आहे आणि ते अगदी नेमके आहे : ज्यांनी ११ सप्टेंबरचे हल्ले आखले, मंजूर केले, घडवले किंवा त्यांना मदत केली, ती राष्ट्रे, संघटना, व्यक्ती आणि त्यांना आसरा देणारे. 'संलग्न संघटना' हे शब्द त्यात कुठेही नाहीत. ते सरकारी वकिलांनी नंतर वाचून काढले. नोव्हेंबर २००२ मध्ये येमेनच्या मारिब प्रांतात पहिला गाजलेला हल्ला झाला, त्यात अमेरिकेच्या 'कोल' या युद्धनौकेवरच्या हल्ल्याचा संशयित मारला गेला. तो अल् कायदाचाच माणूस, शंका नको. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या दक्षिण वझिरिस्तानात तालिबानी सरदार नेक मोहम्मद मारला गेला, तिथपासून रेषा पुसट होऊ लागली. २०१४ मध्ये हाच ठराव इस्लामिक स्टेटला लावला गेला, जी संघटना तोवर अल् कायदाशी उघड भांडून बाहेर पडली होती. २०१६ मध्ये सोमालियातल्या अल् शबाबला. दर वेळी कागद तोच.

अमेरिकी न्यायालयाने असा ताणलेला हुकूम एकदा हाणून पाडला होता, आणि तोही एका फेडरलिस्ट न्यायाधीशाने. १७९९ मध्ये काँग्रेसने कायदा केला की फ्रेंच बंदरांकडे जाणारी अमेरिकी जहाजे अडवावीत. सरकारने कप्तानांना हुकूम दिला की जाणारी आणि येणारी, दोन्ही अडवा. कप्तान जॉर्ज लिटल याने फ्रेंच बंदरातून निघालेले 'फ्लाइंग फिश' पकडले. ते निघाले डॅनिश. १८०४ मध्ये सर न्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला : काँग्रेसने जाणारी म्हटले होते, राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमाने कायदा रुंद होत नाही, कप्तानाने नुकसानभरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी. मार्शल हे १७९९ मधले राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री राहिलेले, म्हणजे हुकूम काढणाऱ्यांच्याच घरचे. काँग्रेसने आखलेल्या रेषेबाहेर राष्ट्राध्यक्ष गेला तर युद्धकाळातही तो बेकायदा ठरतो, हे आजच्या 'संलग्न संघटना' प्रकरणात मार्शल यांनी काय म्हटले असते याचे पुरेसे सूचक आहे.

आजचे वारस दोन टोकांना का, हे बघायचे असेल तर २००४ चा हमदी खटला वाचा. अमेरिकेत जन्मलेला, अफगाणिस्तानात पकडलेला माणूस, खटल्याविना कैदेत. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमस यांनी ७०वा आणि २३वा लेख समोर ठेवून म्हटले की राष्ट्राध्यक्षाच्या युद्धकालीन निर्णयात न्यायालयाने नाक खुपसू नये. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आठवा, ६९वा आणि ८४वा लेख समोर ठेवून म्हटले की नागरिकावर देशद्रोहाचा खटला भरा, किंवा काँग्रेसने बंदी-प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे कैदेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क तहकूब करावा, नाहीतर सोडा त्याला. दोघेही संविधानाचा मूळ अर्थ मानणारे, दोघांचेही हात त्याच ८५ लेखांत. १९८२ मध्ये स्थापन झालेली पुराणमतवादी वकील-न्यायाधीशांची फेडरलिस्ट सोसायटी संस्था म्हणून कुठल्याच प्रश्नावर भूमिका घेत नाही, पण तिच्या व्यासपीठांवर हीच दोन घराणी भांडताना दिसतात. गंमत म्हणजे तिच्या बोधचिन्हावर चेहरा मॅडिसनचा आहे, आणि राष्ट्राध्यक्षाच्या बाजूची मंडळी बोलतात ते सगळे हॅमिल्टनचे.

स्कॅलिया यांचे मत ड्रोनला थेट लावता येत नाही, हे मात्र सांगायला हवे. त्यांनी ते अमेरिकेच्या भूमीवर कैदेत असलेल्या नागरिकापुरते ठेवले होते. अन्वर अल् अवलाकी येमेनमध्ये होता. अमेरिकी नागरिक, अल् कायदाच्या येमेनी शाखेचा प्रचारक. त्याचे नाव ठार मारायच्या माणसांच्या यादीत असल्याचे कळताच वडील न्यायालयात गेले. डिसेंबर २०१० मध्ये न्यायाधीश बेट्स यांनी सांगितले की वडिलांना याचिकेचा हक्क नाही आणि विषय राजकीय आहे, म्हणजे न्यायालयाने ठरवण्याचा नाही. ३० सप्टेंबर २०११ रोजी अवलाकी मारला गेला, आणि दोन आठवड्यांनी दुसऱ्या हल्ल्यात त्याचा १६ वर्षांचा मुलगा. हल्ल्याचे कायदेशीर समर्थन करणारे टिपण न्याय खात्याच्या डेव्हिड बॅरन यांनी २०१० मध्ये लिहिले होते, ते लोकांना वाचायला मिळाले जून २०१४ मध्ये, तेही अपील न्यायालयाने आदेश दिल्यावर. आरोप ठेवणारा, पुरावा तोलणारा आणि शिक्षा अंमलात आणणारा एकच. ४७व्या लेखात मॅडिसनने तिन्ही सत्ता एका हाती येण्यालाच जुलमाची व्याख्या म्हटले होते. सिनेटर रँड पॉल यांनी मार्च २०१३ मध्ये सिनेटमध्ये सुमारे तेरा तास उभे राहून भाषण केले ते याच मुद्द्यावर, आणि त्यांना अटर्नी जनरलकडून एका ओळीचे पत्र मिळाले : लढाईत भाग न घेणाऱ्या नागरिकाला अमेरिकेच्या भूमीवर ड्रोनने मारता येत नाही. परदेशातल्या नागरिकाबद्दल त्यात काही नव्हते, परदेशी माणसाबद्दल तर नाहीच नाही.

परदेशी माणसाचे काय होते ते २०१७ च्या एका निकालात दिसते. ऑगस्ट २०१२ मध्ये येमेनच्या हद्रमौत भागातल्या एका गावात अल् कायदाविरुद्ध प्रवचन देणारा एक इमाम आणि त्याचा पोलीस असलेला नातेवाईक काही संशयितांना भेटायला गेले आणि हल्ल्यात त्यांच्यासोबत मारले गेले. कुटुंबाला पैसे नको होते, एवढेच जाहीर करून हवे होते की हल्ला बेकायदा होता. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने राजकीय प्रश्न म्हणून दार बंद केले. निकाल लिहिला होता न्यायाधीश जॅनिस रॉजर्स ब्राउन यांनी, बुश यांनी नेमलेल्या, पक्क्या पुराणमतवादी. पण त्यांनी आपल्याच निकालाला एक स्वतंत्र मतपत्र जोडले, आणि त्यात विचारले की न्यायाधीश ही सत्ता अडवणार नसतील तर अडवणार कोण? काँग्रेसची देखरेख हा एक विनोद आहे, असेही लिहून टाकले.

पाकिस्तानी-येमेनी सार्वभौमत्वाचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण फेडरलिस्ट लेखांत त्याला फारशी जागा नाही. जॉन जे यांनी तिसऱ्या लेखात म्हटले होते की एकसंध केंद्र सरकार राष्ट्रांमधला कायदा तेरा राज्यांपेक्षा नीट पाळेल आणि युद्धाची न्याय्य कारणे कमी देईल. १७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरिस्तानात दत्ता खेल इथे क्रोमाइटच्या खाणीचा तंटा सोडवायला बसलेल्या जिरग्यावर (टोळ्यांच्या पंचायतीवर) क्षेपणास्त्रे पडली आणि टोळ्यांचे अनेक वडीलधारे गेले. मे २०१३ मध्ये पेशावर उच्च न्यायालयाने हे हल्ले बेकायदा ठरवले. येमेनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सालेह तर अमेरिकी सेनापतीला सांगत होते की बॉम्ब आमचेच आहेत असे आम्ही म्हणत राहू. यजमान सरकारची चोरटी संमती ही जॉन जे यांच्या कल्पनेतली संमती खचितच नव्हे, पण यावर कुठलाच फेडरलिस्ट लेख निकाल देत नाही आणि देतो असे भासवणेही बरोबर नाही.

मग फेडरलिस्ट कसोटीला उतरेल असे ड्रोन धोरण असू शकते का? असू शकते, आणि त्यात नवे शोधून काढायचे फारसे नाही. काँग्रेसने संघटनेचे नाव घेऊन, देश सांगून मंजुरी द्यावी. ती आपोआप संपावी, आणि मुदत दोन वर्षांची असावी, कारण सैन्याच्या पैशाला संविधानाने तीच मुदत घातली आहे. त्या चौकटीत कधी, कुठे, कुणावर हे राष्ट्राध्यक्षाने ठरवावे आणि त्यात कुणी लुडबूड करू नये, ७०व्या लेखाची खरी जागा ही. आपल्या सैनिकांना धोका आहे की नाही यावर 'लढाई' ठरवणे कायद्याने बंद करावे. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोन हल्ल्यात दहा निरपराध माणसे मारली गेली, त्यातली सात मुले. सुरुवातीला लष्कराने तो हल्ला योग्यच असल्याचे सांगितले आणि चूक कबूल केली ती पत्रकारांनी धागेदोरे काढल्यावर. तेव्हा चौकशी मारणाऱ्यांच्याच हाती नसावी, हेही आले. ओबामांनी २०१६ मध्ये नागरी मृत्यूंचा वार्षिक आकडा जाहीर करण्याचा आदेश काढला, ट्रम्प यांनी २०१९ मध्ये तो भाग रद्द केला. आदेश होता म्हणून तो एका सहीने गेला, कायदा असता तर काँग्रेसमध्ये यावे लागले असते.

हे होईल का, असे विचाराल तर मला आशा कमीच आहे, आणि दोष राष्ट्राध्यक्षांपेक्षा काँग्रेसचा जास्त आहे. मत न देणे खासदारांना सोयीचे पडते. हल्ला फसला तर बोट दुसऱ्याकडे, फत्ते झाला तर टाळ्या सगळ्यांना. ५१व्या लेखाने गृहीत धरलेली महत्त्वाकांक्षा इथे उलटी फिरली आहे : अधिकार राखण्यात नव्हे, टाळण्यात लाभ आहे. जून २०१७ मध्ये बार्बरा ली यांची २००१ चा ठराव रद्द करण्याची दुरुस्ती प्रतिनिधिगृहाच्या खर्च समितीने मान्य केली होती, दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी. पैशाच्या दोऱ्या जिथे हलतात तीच ही समिती, २६व्या लेखाने बोट दाखवलेली जागा. विधेयक सभागृहात येण्याआधीच पक्षश्रेष्ठींनी ती दुरुस्ती काढून टाकली. त्यावर मतदान झालेच नाही.

मूळ लेख वाचायचे असतील तर ७०व्यापासून सुरुवात करू नका. आधी ६९, मग ८, मग २६, आणि त्यानंतर ७० आणि ७४. हॅमिल्टनचे १७९८ चे मॅकहेन्रीला लिहिलेले पत्र त्याच्या पत्रसंग्रहात आहे. दोनच परिच्छेद वाचावे लागतील.